सेंट केनेल्मची कंबर

निदर सिब्लीत चर्चला कोणी चर्च म्हणत नसे. सगळे म्हणत, म्हातारी. म्हातारीचं छप्पर गळायला लागलंय. म्हातारीकडे काल कोण कोण आलं होतं? खरं तर नाव सेंट केनेल्मचं, म्हणजे एका राजपुत्राचं. पण इतकी शतकं एकाच जागी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहणारी व्यक्ती बाईच असणार, अशी गावाची समजूत होती.

ही म्हातारी जन्मली तेव्हा अगदी सडपातळ होती. एक लांबुळकी खोली आणि एक बुटका मनोरा, बस्स. मग लोकरीच्या एका व्यापाऱ्याला स्वर्गातली जागा पक्की करावीशी वाटली आणि त्याने उत्तरेला अख्खा सोपा काढून दिला. पुढे एका जमीनदाराच्या केसांच्या टोपावर पावसाचे चार थेंब पडले, म्हणून त्याने दारापुढे पोर्च बांधला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात एक पाद्री झगा बदलताना कुडकुडायचा, त्याच्यासाठी पूर्वेला एक खोली आली. त्या खोलीला ऊब हवी म्हणून बॉयलरची खोली आली. थोडक्यात, चारचौघींचं होतं तेच म्हातारीचं झालं. कंबर सुटत गेली.

गावाची तऱ्हा मात्र उलटी. कापडाची गिरणी बंद पडली, पोरं ग्लॉस्टरला गेली, घरं शहरातल्या शनिवार-रविवारवाल्यांनी घेतली. म्हातारी रुंदावत होती आणि गाव रोडावत होतं. दुसऱ्या कुठल्या गावाला याचं काही वाटलं नसतं. सिब्लीला वाटे, कारण सिब्लीत मिठीचा रविवार असे.

सप्टेंबरात, अलुबुखार संपता संपता, हा रविवार येई. त्या दिवशी सगळं गाव चर्च रिकामं करून अंगणात जमे आणि हाताला हात धरून, तोंडं भिंतीकडे करून, म्हातारीला चहूबाजूंनी मिठी मारे. सुरुवात पोर्चपासून. तिथून एक रांग डावीकडून वळत जाई, एक उजवीकडून, आणि दोन्ही टोकं मागच्या बाजूला, अल्टारच्या, म्हणजे वेदीच्या, भिंतीपाशी भेटत. तिथे एक माणूस आधीपासून उभं असे. त्याला गाठ म्हणत. गाठीने एका हातात डावी रांग धरायची, दुसऱ्या हातात उजवी. मग पोर्चपाशी उभा असलेला बँडवाला ओरडून विचारी, "गाठ पडली का?" मागून उत्तर जाई, "पडली!" की बँड सुरू. सगळ्यांनी तीनदा भिंतीपर्यंत धावत जायचं, तीनदा मागे यायचं, आणि मग पाद्री आशीर्वाद देणार.

नियम दोनच, पण कडक. हात हातातच हवा. मफलर, दोरी, कुत्र्याचा पट्टा चालणार नाही. आणि मिठीच्या वेळी म्हातारीच्या पोटात कोणी असता कामा नये.

थर्झा ट्रॉटमन ही सिब्लीची गाठ होती.

तिच्या किझाया आत्याचे गुडघे गेले तेव्हा थर्झाच्या वेणीची रिबीनसुद्धा सुटली नव्हती, आणि तेव्हापासून आता डोक्याचा कापूस होईपर्यंत ती जागा तिचीच. कबरस्तानाच्या भिंतीला लागून असलेल्या घरात ती जन्मली, दोन घरं सोडून राहणाऱ्या, दगडाची कुंपणं रचणाऱ्या लेनशी लग्न करून पुन्हा त्याच घरात राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर बटाटे उकडले. दोन मुली ब्रिस्टलला दिल्या, लेनला म्हातारीच्या उत्तरेला पुरलं, आणि त्याच्या कबरीवरचं गवत ती दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापी. "त्याचे केसही मीच कापायचे, त्यात काय एवढं," असं ती म्हणे.

गाठीची जागा तशी कोणाला हवीशी वाटावी अशी नव्हती. मागे ऊन नाही, बँड दिसत नाही, बोटभर शेवाळ आणि कमरेएवढी खाजकुइली. पण थर्झाला वर्षातला तो एक तास ख्रिसमसपेक्षा प्यारा होता. ती एकटी भिंतीकडे तोंड करून उभी राही. आधी नुसती शांतता. मग दोन्ही कोपऱ्यांपलीकडून गाव येताना ऐकू येई. कोणी कोणाच्या पायावर पाय देतंय, कोणी म्हणतंय ओढू नकोस, कोणाचं बाळ रडतंय. आवाज वाढत वाढत येत, आणि अचानक एक हात इकडून, एक हात तिकडून. एक गरम, एक गार. एक मातीचा, एक हातमोज्यातला. त्या क्षणी सगळं सिब्ली, भांडणांसकट, तिच्या दोन मुठींत असे. शाळेत बटाटे उकडणाऱ्या बाईला यापेक्षा आणखी काय हवं?

तर ही जागा थर्झाने पैजेवर लावली. आणि कशापायी? संडासापायी.

म्हातारीला सगळं होतं, संडास नव्हता. पूर्वी लोक रस्त्यापलीकडच्या दारूच्या गुत्त्यात जात. देवाच्या दारातून उठून सैतानाच्या परसात. गुत्ता बंद पडला, आणि सगळ्यात जवळचं घर थर्झाचं. मग काय विचारता? प्रवचन लांबलं की तिच्या मागच्या दाराशी रांग. ओल्या चिखलाचे बूट तिच्या पुसलेल्या फरशीवर. एकदा तर नवरी आली, तीन मैत्रिणी घेऊन, कारण झगा धरायला तेवढ्या लागत होत्या. त्या चौघी जिन्यात अशा अडकल्या की नवरदेवाला वाटलं, मुलीचं मन बदललं. बिशपसाहेबही येऊन गेले. जाताना म्हणाले, "मिसेस ट्रॉटमन, तुमचे पडदे फार सुंदर आहेत." तेव्हा थर्झाने ठरवलं, आता पुरे.

तिने पाच वर्षं केक विकले, जुन्या पुस्तकांचे बाजार भरवले, आणि पाद्रीबाई तॅमसिनला भंडावून सोडलं. तॅमसिन पोरसवदा, तिच्या अंगावर पाच गावांची पाच चर्चं. रविवारी ती सायकलवरून एका म्हातारीकडून दुसरीकडे धापा टाकत जाई. तिची गरज तर सगळ्यांत मोठी. तिने लगेच होकार दिला.

नाही म्हणाली ती इनिड क्लटरबक.

इनिड आणि थर्झा पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. तेव्हापासून इनिडला थर्झाची प्रत्येक गोष्ट खटकत होती, आणि थर्झाला इनिडची प्रत्येक टोपी. इनिडचा नवरा बँकेत होता, घराला दोन जिने होते, आणि चर्चच्या समितीत तिच्या खुर्चीवर स्वतःची उशी होती. सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली की भिंतीला भिंत लागली, छपराला छप्पर लागलं, म्हणजे ते चर्चच झालं. चर्चमध्ये लोकांनी काय करावं हे थर्झाने सांगावं का? थर्झा म्हणाली, चर्च ते चर्च, संडास तो संडास. एवढं तर माझ्या मांजरालाही कळतं.

"आणि मिठीचं काय?" इनिड म्हणाली. "आत्ताच माणसं पुरताना मारामार आहे. पाठीमागे आणखी ही खोली चिकटवलीस की ती मिठी कधी पुरी व्हायची नाही. शेकडो वर्षांची रीत तू एका संडासात घालवणार."

ही गोष्ट खरी होती, आणि सभेतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती.

थर्झाचे कान लाल झाले. पाच वर्षांचे केक तिच्या डोळ्यांपुढून गेले. ती म्हणाली, "मिठी पुरी होईल. नाही झाली, तर गाठीची जागा तुझी. मी पुन्हा मागे पाऊल टाकणार नाही."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावावी. पण एव्हाना पर्सी डेंजरफिल्डने "ऐकलं हं सगळ्यांनी" म्हणून टेबलावर हात आपटला होता. पर्सी घंटा वाजवणारा, आणि रोज काही तरी घडावं अशी त्याची मनापासून इच्छा असे.

संडास बांधला गेला, पाठीमागच्या भिंतीला चिकटून, दार आतून. जुन्या इमारतींची काळजी वाहणाऱ्या एका साहेबांनी येऊन नाना अटी घातल्या, आणि समितीत इनिडने त्यात स्वतःची भर घातली: निदान दाराची कडी तरी देवळाला शोभेल अशी हवी, जुन्या घाटाची, लोहाराकडून घडवलेली. थर्झा म्हणाली, घाला बाई, सोन्याची घाला. मग दाराला मनगटाएवढी लोखंडी कडी बसली. तुरुंगालाही थोडी जास्तच वाटावी अशी.

उन्हाळा थर्झाने वेडीपिशी होऊन काढला. तिने कपडे वाळत घालायची दोरी म्हातारीभोवती गुंडाळून पाहिली, ती पुरली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दोऱ्या जोडल्या, तेव्हा कुठे पुरली, आणि त्यात पर्सीचा कुत्रा असा गुंतला की कात्री घ्यावी लागली. मग ती माणसं गोळा करायला निघाली. अप्पर सिब्लीची क्रिकेट टीम, जिच्याशी निदर सिब्लीचं तीन पिढ्यांचं वैर, तिला तिने लार्डी केकचं आमिष दाखवलं. डुकराच्या चरबीचा, साखर ठिबकणारा तो केक थर्झासारखा दोन खोऱ्यांत कोणाला जमत नसे. कप्तान म्हणाला, आम्ही शत्रू आहोत हो. थर्झा म्हणाली, "असा की. हात तर आहेत ना दोन?" शनिवार-रविवारवाल्यांची दारं तिने वाजवली. एका लंडनच्या बाईने विचारलं, हा व्यायामाचा प्रकार आहे का. थर्झाने विचार केला आणि हो म्हणून सांगितलं. शेतात तंबू ठोकून राहिलेल्या दोन जर्मन सायकलवाल्यांनाही तिने सोडलं नाही. त्यांना इंग्रजी जेमतेम येई, पण केक म्हणजे काय ते कळत होतं.

आणि तो रविवार उजाडला. वारा असा सुटला होता की कावळे उलटे उडत होते. बँडचा कागद उडाला, टोप्या उडाल्या, तॅमसिनचा पांढरा झगा दोनदा तिच्या डोक्यावरून गेला आणि आतून "मी बरी आहे" असा आवाज आला. अंगण भरलं. इतकी माणसं सिब्लीने राजाच्या राज्याभिषेकानंतर पाहिली नव्हती. म्हातारी रिकामी केली, दारं सताड उघडी टाकली, आणि थर्झा लगबगीने मागे गेली.

आता मागे बोडकी भिंत नव्हती. संडासाची चौकोनी पाठ पुढे आलेली, मधोमध डोक्याच्या उंचीवर एक चिंचोळी खिडकी. थर्झा तिच्या डाव्या अंगाला उभी राहिली. कोपऱ्यापलीकडून आवाज यायला लागले. डावी रांग आली. तिच्या टोकाला पर्सी. त्याने थर्झाचा डावा हात धरला आणि म्हणाला, "इकडे सगळे ताणलेत हं. जर्मन तर फाटायला आलेत."

उजवी रांग आली. तिच्या टोकाला रीतीप्रमाणे इनिड असायची. बँकेतल्या नवऱ्याच्या घराण्याचा तो मान. तिच्या आधी होरेस पॉबजॉय, बेकरीवाला. होरेस कोपरा वळून आला, त्याने हात पुढे केला, आणि हातात कोणीच नव्हतं.

"इनिड कुठंय?" थर्झाने विचारलं.

होरेसला माहीत नव्हतं. म्हणाला, पोर्चपाशी शेजारीच उभी होती, सकाळपासून चहाचे चार कप झाले म्हणत होती. मग वळून पाहतो तो नाही.

थर्झाने उजवा हात लांबवला. होरेसने डावा लांबवला. दोघांच्या बोटांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. होरेसने पाय ताणला, तेव्हा पलीकडून सगळी रांग कण्हली. आणखी एक तसूही कोणी देऊ शकत नव्हतं. समोरून बँडवाल्याचा आवाज आला, "गाठ पडली का?"

मिठी अडली. एका माणसासाठी, आणि तेही नेमकं त्या माणसासाठी. तिला दिसायला लागलं: पुढच्या वर्षी या जागेवर इनिड, डोक्यावर टोपी, हातात हातमोजे. हातमोजे घालून गाव धरणार ती. हे मुद्दाम केलं असणार, पहिलीपासून ओळखते मी तिला.

तेवढ्यात उजवीकडच्या चिंचोळ्या खिडकीतून आवाज आला. अगदी हळू.

"थर्झा."

थर्झा दचकली. पर्सीने डोळे विस्फारले.

"थर्झा, कडी अडकलीये."

वारा खाजकुइलीतून सुंईऽ करत गेला. मग थर्झाने आपला गाल खिडकीपाशी नेला आणि तितक्याच हळू विचारलं, "तू आत काय करतेयस, इनिड?"

"संडासात माणूस काय करतो? हसू नकोस. दार ओल्याने फुगलंय की काय, ही कडी हलत नाहीये. कोणाला तरी बोलाव. नाही, नको, थांब, कोणालाही बोलावू नकोस."

समोरून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा कावलेला. "अहो, गाठ पडली का?"

"आता पडली नाही म्हणून सांगितलं," पर्सी आनंदाने म्हणाला, "तर सगळं गाव बघायला इकडे येणार. क्रिकेटवालेसुद्धा."

आतून एक बारीकसा हुंदका आला. नंतर खिडकीची काच खटकन तिरपी झाली, आणि त्या फटीतून दोन हात बाहेर आले. गोरे, अंगठ्यांनी मढलेले, इनिड क्लटरबकचे हात. एक थर्झाकडे, एक होरेसकडे.

"धर," आतून आवाज आला.

थर्झाचा हात आपोआप पुढे गेला, आणि मध्येच थांबला. पन्नासाहून जास्त वर्षांत तिने एकदाही खोटी हाक दिली नव्हती. ती म्हणाली, "इनिड, नियम आहे. मिठीच्या वेळी चर्चमध्ये कोणी असता कामा नये. आणि तूच तर सभेत म्हणालीस, भिंतीला भिंत, छपराला छप्पर."

फटीतले दोन्ही हात चुळबुळले.

"बोल ना."

"हे चर्च नाहीये," इनिड म्हणाली.

"काय म्हणालीस? वारा आहे, ऐकू नाही आलं."

"चर्च ते चर्च, संडास तो संडास!" इनिड आतून किंचाळली. "झालं समाधान? धर आता, मेले, माझे पाय टॉयलेटच्या झाकणावर आहेत."

थर्झाने धरला. होरेसने धरला. थर्झाच्या मुठीतला हात गार पडला होता, आणि तिच्या लक्षात आलं की पहिलीपासूनच्या इतक्या वर्षांत इनिडचा हात तिने असा उघडा कधी धरलाच नव्हता. दर वर्षी मध्ये हातमोजा, आणि दर वर्षी तिने तो नियमात बसतो का हा प्रश्न गिळला होता. म्हातारीच्या सगळ्या कमरेभोवती आता कुठे फट नव्हती. थर्झाने हाक द्यायला तोंड उघडलं, पण हसू असं दाटून आलं होतं की आवाजच फुटेना.

तेव्हा हाक दिली ती इनिडनेच. खिडकीतून, समितीतल्या आपल्या ठणठणीत आवाजात, मनोऱ्यावरचे कावळे उडतील अशी. "पडलीऽऽ!"

बँड धडाडला. सिब्ली भिंतीकडे धावलं. पहिल्या धावेला इनिडचं नाक खिडकीच्या चौकटीवर आपटलं आणि आतून एक शब्द आला जो बँकेतल्या माणसाच्या बायकोला माहीत असेल असं होरेसला कधी वाटलं नव्हतं. मागे येताना तिचे हात खांद्यापर्यंत बाहेर आले आणि फटीत टोपी अडकली. दुसऱ्या धावेला झाकण सरकलं. "अगं आई गं," आतून आवाज, आणि मग काय झालं कोण जाणे, इनिडच हसायला लागली. आधी किणकिण, मग खदखदून. ते ऐकून थर्झा हसता हसता वाकली. होरेसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि ते हसू हातातून हातात गेलं. पर्सीच्या खांद्यांनी ते जर्मनांना दिलं, जर्मनांनी काही न कळता ते लंडनच्या बाईला दिलं. होरेसकडून ते क्रिकेट टीमकडे गेलं. दोन्ही बाजूंनी कोपरे वळत, लोकरवाल्याच्या सोप्यावरून, जमीनदाराच्या पोर्चपाशी ते हसू समोरासमोर येऊन धडकलं. तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं आपण का हसतोय, म्हणून ते आणखी हसले. तुतारीवाल्याचा सूर फुटला. तिसरी धाव म्हणजे धाव नव्हतीच, सगळं गाव भिंतीला टेकून हसत उभं होतं, आणि तॅमसिनने आशीर्वादासाठी वर केलेला हात तसाच पोटाशी धरला होता.

गर्दी केककडे वळल्यावर होरेसने दाराला खांदा दिला आणि ती घडीव कडी दाराच्या फळीसकट निघाली. इनिड बाहेर आली. टोपी तिरकी, नाक लाल. तिने झगा झटकला, थर्झाकडे पाहिलं, आणि तडक केकच्या टेबलापाशी गेली. तिथे तॅमसिन होती, समितीतले सगळे होते, आणि सगळ्यांच्या मनात पैज होती. मिठी पुरी झाली हे कानांनी ऐकलं होतं, पण इनिड काय म्हणते?

इनिडने लार्डी केकचा मोठा तुकडा उचलला. "झाली पुरी," ती म्हणाली. "मी स्वतः हात दिलाय. उगाच कोणी शंका काढू नये."

मग ती थर्झाकडे वळली आणि जरा पडत्या आवाजात म्हणाली, "आणि तुझी ती जागा मला नको बाई. तिथे वारा फार, तुला तर काही ऐकूच येत नाही. मी आत होते ना, मला कळलं."

थर्झा उत्तर द्यायला गेली, पण तिने केक तोंडात घातलेला होता, आणि इनिडच्या नाकाकडे बघताच तो सगळा पाद्रीबाईंच्या पांढऱ्या झग्यावर उडाला.